जुन्या पोलादी उंच इमारतीचा इतिहास कसा लिहायचा: आधी वजन, मग भाडेकरू, शोभा शेवटी

उंच इमारतीचा इतिहास लिहायला बसलेला माणूस बहुतेक वेळा शिखरापासून सुरुवात करतो. "जगातली पहिली", "त्या काळातली सर्वांत उंच", "थोर वास्तुरचनाकार". मी आयुष्यभर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गर्डर (लोखंडी तुळया), ट्रस (छताच्या कैच्या) आणि शेडची कामं केली, त्यामुळे मला इमारत खालून वर वाचायची सवय. वजन कुठून निघतं आणि कुठे जाऊन टेकतं, हे कळल्याशिवाय बाकीचं मला वाचवत नाही.

माझी पुतणी आर्किटेक्चरला आहे. तिला शिकागोच्या रिलायन्स बिल्डिंगवर निबंध लिहायचा होता. (अंबानींचा काही संबंध नाही, ही इमारत १८९५ची आहे.) "काका, सगळीकडे तेच चार परिच्छेद फिरवून लिहिलेत," अशी तिची तक्रार होती. तिला जे सांगितलं ते इथं मांडतोय. तुम्हाला दुसरी कुठली इमारत घ्यायची असेल तर खुशाल घ्या, पद्धत तीच.

भिंतीला पहिला प्रश्न

ही भिंत वजन पेलते की नुसती झाकते? या एका प्रश्नाचं उत्तर मिळालं की इमारतीचं निम्मं वय कळतं.

वजन पेलणारी भिंत बघायला कोल्हापूरकराला लांब जायला नको. मेजर मँटच्या आराखड्यावर उभा राहिलेला नवा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात काळ्या दगडात बांधला गेला. दारा-खिडक्यांच्या कोनाड्यांत भिंतीची जाडी दिसते, ती डोळ्यांत साठवून घ्या. वरचं प्रत्येक वजन त्या जाडीतून जमिनीत उतरतं. आता मजेची गोष्ट: राजवाडा पुरा झाला त्याच १८८४ मध्ये शिकागोत होम इन्शुरन्स बिल्डिंगचं काम सुरू झालं, आणि तिथं वजन भिंतीतून काढून खांबांवर टाकायला सुरुवात झाली होती.

दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी बघायच्या तर शिकागोचीच मोनॅडनॉक बिल्डिंग शोधा. तिचा उत्तरेकडचा अर्धा भाग १८९१चा, सोळा मजले, विटांच्या भिंतींवर उभा. तळाशी भिंत सहा फूट जाड. म्हणजे रस्त्याकडेची सगळ्यात महागडी दुकानाची जागा भिंतीनंच खाल्ली. दक्षिणेकडचा अर्धा भाग १८९३चा, पोलादी सांगाड्याचा. दोन वर्षांत पद्धत बदलली आणि दोन्ही भाग आजही एकमेकांना चिकटून उभे आहेत. फोटोत खालच्या खिडक्यांची खोली ताडून बघा, मी जास्त समजावत नाही.

"पहिली" हा शब्द मात्र पेन्सिलनं लिहा. होम इन्शुरन्सला जगातली पहिली गगनचुंबी इमारत म्हणायची पद्धत आहे. विल्यम ले बॅरन जेनी या इंजिनिअरनं ती दहा मजली बांधली, १८९१ मध्ये वर आणखी दोन मजले चढवले, १९३१ मध्ये ती पाडली. पण तिचे खांब बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे होते. तुळया सहाव्या मजल्यापर्यंत घडीव लोखंडाच्या आणि त्याच्यावर पोलादाच्या. तळाला ग्रॅनाइटचे जाड पाये आणि शेजारच्या हद्दीला विटांची, वजन घेणारी भिंत. मग हिला पोलादी सांगाडा म्हणायचं का? माझ्या मते नाही. अर्धवट वाटेवरची इमारत म्हणायचं, आणि तेच जास्त मजेशीर आहे. नुसता लोखंडी सांगाडा बघायचा तर मुंबईत काळा घोड्याला वॉटसन हॉटेलची इमारत १८६९ पासून उभी आहे. तिचे लोखंडी भाग इंग्लंडमध्ये तयार होऊन जहाजानं आले. "पहिली" कोण ते ठरवण्यात पानं घालवू नका. कुठल्या मजल्यावर कुठला धातू, ते लिहा.

हात बसवायचा तो कोल्हापुरात

शिकागोच्या इमारतीचे खांब तुम्हाला दिसणारच नाहीत, त्याचं कारण पुढे येईल. म्हणून डोळा आणि हात तयार करायचा तो इथं. शाहूपुरी, लक्ष्मीपुरीतली जुनी गोदामं आणि दुकानांचे गाळे यांत उघडे गर्डर सापडतात. मालकाला विचारून आत जा. उजेड तिरका पाडायला बॅटरी, टेप, आणि जमलं तर मोठा व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं पकडीसारखं साधन) घ्या. रंग खरवडू नका. जुन्या शेंदरी प्रायमरमध्ये शिसं असतं, आणि वस्तू दुसऱ्याची आहे.

आधी धातू ओळखा. बीडाचा खांब बहुधा गोल आणि पोकळ असतो, वर फुलापानांचं डोकं असतं, आणि नीट बघितलं तर साच्याच्या दोन भागांची उभी शिवण दिसते. आपल्याकडे घरटी एकाचा तरी फाउंड्रीशी संबंध, त्यामुळे ही शिवण काय ते वेगळं सांगायला नको. बीड दाबाला वाघ आहे, ताणाला आणि धक्क्याला कच्चं. म्हणून खांब बीडाचा चालतो, तुळई नको. पोलादी गर्डर रोलिंगमधून निघालेला, इंग्रजी आय अक्षराच्या आकाराचा, कडा सरळ. जुन्या गर्डरच्या आडव्या पट्ट्या मधे जाड आणि कडेला पातळ, म्हणजे आतून उतरत्या असतात.

मग मधल्या उभ्या पत्र्यावर उजेड तिरका पाडा. पुष्कळदा इंग्रजी अक्षरं उठून दिसतात. डॉर्मन लाँग, मिडल्सब्रो, इंग्लंड हे नाव भारतभर सापडतं. सिडनीचा प्रसिद्ध हार्बर पूल याच कंपनीनं बांधला. टाटांचं नाव दिसलं तर गर्डर १९१२ च्या आधीचा असूच शकत नाही, कारण साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पोलाद निघायला लागलं तेच १९१२ मध्ये.

अक्षरं नसतील तर माप घ्या. देशात दशमान मापांचा कायदा १९५६ चा. त्याच्या आधीचे गर्डर इंचात, नंतर हळूहळू मिलिमीटरमध्ये आले. सहा इंची गर्डर १५२ मिलिमीटर भरतो, नवा दीडशे. दहा इंची भरतो २५४, नवा अडीचशे. फरक दोन-चार मिलिमीटरचा, रंगाचे थर आणि गंज धरला तर टेपवर विश्वास ठेवता येत नाही. म्हणून व्हर्नियर, आणि तीन-चार ठिकाणी माप. बारा इंचीला फरक पाच मिलिमीटरचा पडतो, तिथं चूक व्हायचं कारण नाही.

जोड बघायला विसरू नका. गोल टोपीचे रिव्हेट दिसले तर काम जुनं. लालबुंद रिव्हेट भोकात घालून दुसरं डोकं ठोकायचं. तो निवताना आखडतो आणि दोन्ही पत्रे आवळून धरतो. या कामाला चौघांची टोळी लागायची: एक भट्टीवर, एक झेलणारा, एक मागून टेकू देणारा, एक ठोकणारा. वेल्डिंग दिसलं तर ते नंतरचं, निदान ती दुरुस्ती तरी नंतरची.

सगळ्यात चांगला धडा रुळांचा. आपल्या जुन्या घरांत आणि गोदामांत तुळईच्या जागी रेल्वेचे रूळ घातलेले सापडतात. रुळाच्या अंगावर कारखान्याचं नाव आणि वर्ष उठवलेलं असतं. समजा, तिथं १८८९ आहे. घर १८८९ चं झालं का? नाही. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. रूळ आधी वाहतुकीला झिजला असेल, भंगारात निघाला असेल, मग घराच्या कामाला आला असेल. धातूवरचं वर्ष एवढंच सांगतं: इमारतीचा हा भाग याच्या आधीचा नाही. किती नंतरचा, ते दुसऱ्या पुराव्यावरून काढायचं. हा नियम शिकागोलाही तसाच लावा. आणि गंमत बघा, शिकागोच्या बर्नहॅम आणि रूट या वास्तुरचनाकारांच्या जोडीतल्या जॉन रूटनं १८८२ च्या माँटॉक इमारतीच्या पायात रेल्वेचे रूळच एकावर एक आडवे-उभे रचून काँक्रीटमध्ये गाडले, कारण शिकागोची जमीन मऊ चिकणमातीची आणि वजन पसरून देणं भाग होतं. आपण छताला रूळ लावले, त्यांनी पायाला.

भाडेकरू शोधा

आता रिलायन्सकडे. स्टेट स्ट्रीट आणि वॉशिंग्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, शिकागोच्या ऐन बाजारपेठेत ही चौदा मजली इमारत उभी आहे. पांढरी, काचांची, आजही डोळ्यांत भरणारी. बहुतेक लेख तिच्या काचांपासून सुरू होतात. मी पुतणीला सांगितलं, आधी मालक कोण आणि भाडेकरू कोण ते काढ.

मालक विल्यम हेल. धंदा लिफ्टचा. लिफ्टवाल्या माणसाला उंच इमारत का हवी असेल, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. (त्याचा मुलगा जॉर्ज हेल पुढे मोठा खगोलशास्त्रज्ञ झाला आणि त्यानं मोठमोठ्या दुर्बिणी उभ्या करवल्या. घराण्याची नजर वरच.)

हेलच्या जागेवर जुनी इमारत होती आणि तिच्या वरच्या मजल्यांवर भाडेकरू. त्यांचे करार १ मे १८९४ पर्यंतचे. ते हलायला तयार नाहीत. भाडेकरू हलत नाही म्हणजे काय होतं, हे कोल्हापुरात पेठेतल्या कुठल्याही घरमालकाला विचारा. हेल कोर्टात गेला नाही की थांबलाही नाही. त्यानं वरचे मजले भाडेकरूंसकट जॅकस्क्रूवर (फिरवून वजन उचलायच्या स्क्रूवर) उचलून धरले, खालचा मजला पाडला, आणि १८९०-९१ मध्ये नव्या इमारतीचा पाया आणि तळमजला खाली बांधून काढला. खाली नवं दुकान, वर जुन्या कचेऱ्या. करार संपल्यावर जुने मजले काढले आणि नव्या तळमजल्यावर वरचा पोलादी सांगाडा चढवला.

हे ऐकून पुतणी म्हणाली, "काका, हे खरं आहे की तुम्ही रंगवून सांगताय?" खरं आहे. शिकागोला याची सवय होती. १८५० आणि ६० च्या दशकांत गटारं घालण्यासाठी रस्ते उंच केले, तेव्हा तिथं विटांच्या अख्ख्या इमारती स्क्रूवर उचलल्या होत्या. कसबी माणसं गावातच होती.

या एका गोष्टीतून रिलायन्सची दोन कोडी सुटतात. एक, तळमजला आणि वरचे मजले वेगळ्या हातचे का दिसतात? खालचं काम वर सांगितलेल्या बर्नहॅम-रूट जोडीतल्या रूटच्या वेळचं. जानेवारी १८९१ मध्ये रूट वारला. वरच्या मजल्यांना करारांपायी थांबावं लागलं आणि ते त्याच पेढीतल्या चार्ल्स ॲटवूडकडे गेले. दोन, वर्ष कुठलं? कोणी १८९०-९१ लिहितं, कोणी १८९४, कोणी १८९५. सगळेच बरोबर असू शकतात. पाया एकीकडचा, सांगाडा आणि उद्घाटन दुसरीकडचं. वर्ष लिहिताना ते कशाचं वर्ष, हे त्याच वाक्यात लिहा. आपल्याकडेही हाच घोळ असतो: पायाभरणी, वास्तुशांत, वरचा मजला, आणि दारावर कोरलेलं साल, चारही वेगवेगळी.

सांगाडा उभा कसा केला, ते लिहा

इथं मी थोडा रेंगाळणार, कारण माझा जीव इथं रमतो. वरच्या दहा मजल्यांचा पोलादी सांगाडा १५ दिवसांत उभा राहिला. दीड दिवसाला एक मजला, १८९० च्या दशकात. आजही एखाद्या फॅब्रिकेटरनं असा शब्द दिला तर मी त्याला लेखी मागेन.

कसं जमलं? इंजिनिअर एडवर्ड शँकलंड. खांब ग्रे पद्धतीचे, म्हणजे आठ अँगल (इंग्रजी एल आकाराचे पोलादी दांडे) जोडीजोडीनं पट्ट्यांनी बांधून केलेले. एकेक खांब दोन मजल्यांच्या उंचीचा, आणि सगळे जोड एकाच मजल्यावर येणार नाहीत अशी रचना: एका खांबाचा जोड या मजल्यावर, शेजारच्याचा पुढच्या. त्यामुळे उभारताना कुठलाही मजला सगळीकडून एकदम सैल नसतो. कारखान्यात कापून, भोकं पाडून आलेलं, जागेवर फक्त जोडायचं.

वाऱ्याचा जोर कसा पेलला ते आणखी महत्त्वाचं. सोपा उपाय म्हणजे खांबाखांबांत तिरके गज. पण ते खिडकीच्या मधून जातात. शँकलंडनं प्रत्येक मजल्यावर बाहेरच्या खांबांना २४ इंच उंचीचे प्लेट गर्डर (पत्रे जोडून केलेल्या तुळया) घट्ट जोडले. टेबलाचा पाय आणि वरची फळी यांचा जोड पक्का असला की टेबल हलत नाही, तोच न्याय. तिरके गज गेले, म्हणून खांबापासून खांबापर्यंत काच बसली. ज्या काचांपासून सगळे लेख सुरू होतात, त्या काचा या गर्डरमुळे आहेत. तुमच्या निबंधात गर्डर आधी येऊ द्या.

दर्शनी बाजूला पांढरी चकाकीची टेराकोटा, म्हणजे भाजलेली माती. पाऊस पडला की धुऊन निघेल, शिकागोच्या कोळशाच्या धुरात पांढरी राहील, हा हिशेब. ती वजन घेत नाही. सांगाड्यावर टांगलेली आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथं मिळालं.

आतले खांब दिसत का नाहीत? ऑक्टोबर १८७१ च्या आगीत शिकागोचं मधलं शहर जळालं, आणि "लोखंड जळत नाही" या भरवशावर बांधलेल्या इमारतीही कोसळल्या. लोखंड जळत नाही, पण साडेपाचशे-सहाशे अंशांला पोलादाचीही जवळजवळ निम्मी ताकद जाते. तेव्हापासून खांब-तुळया पोकळ भाजक्या मातीच्या ठोकळ्यांत गुंडाळायची चाल पडली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपलं केशवराव भोसले नाट्यगृह पेटलेलं ज्यांनी पाहिलं, त्यांना आग आधी छतच खाते हे सांगायला नको.

कागद

शिकागोसाठी घरबसल्या दोन गोष्टी मिळतात. सॅनबोर्नचे आगविम्याचे नकाशे: विमा कंपन्यांसाठी प्रत्येक इमारत रंगवलेली, लाकूड पिवळं, वीट गुलाबी, दगड निळा. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं ते इंटरनेटवर ठेवलेत. तिथंच १९३३ पासून चाललेल्या ऐतिहासिक इमारतींच्या सरकारी पाहणीचे फोटो आणि मोजमापं आहेत. त्यात इमारतीचा उभा छेद, म्हणजे इमारत वरून खाली कापली तर आत जे दिसेल त्याचं चित्र, मिळाला तर आधी तो उतरवून घ्या, हातानं. झेरॉक्स नको. हात फिरला की कुठला खांब कुठे थांबतो ते लक्षात येतं.

कोल्हापूरच्या इमारतीसाठी सिटी सर्व्हे नंबर काढा, मग नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका. तिच्यावर मालक कसे बदलत गेले ते कळतं, बांधकाम कळेलच असं नाही. संस्थानकाळात जायचं तर पुराभिलेखागार, आणि तिथं मोडी वाचणारा माणूस सोबत हवा. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे. तिथल्या जुन्या अंकांत जाहिराती बघा. बातमीपेक्षा जाहिरात जास्त सांगते: कुठल्या मजल्यावर कुठला डॉक्टर, कुठली पेढी. रिलायन्समध्येही वरचे मजले डॉक्टर आणि दंतवैद्यांनी भरलेले होते, भरपूर उजेड हे त्यांच्या कामाचं. आता तिथं हॉटेल आहे. १९९९ मध्ये दुरुस्तीनंतर ते सुरू झालं तेव्हा त्याच बर्नहॅमवरून नाव दिलं हॉटेल बर्नहॅम.

शेजारी-शेजारी तारखांचा एक तक्ता करून ठेवा, एका बाजूला शिकागो, दुसऱ्या बाजूला कोल्हापूर. १८९४ मध्ये रिलायन्सच्या भाडेकरूंचे करार संपले आणि त्याच वर्षी शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला. १८९५ मध्ये तिकडं रिलायन्स उभी राहिली, इकडं शाहूपुरीची बाजारपेठ वसली. यावरून कुठला सिद्धान्त काढू नका. वाचणाऱ्या कोल्हापूरकराला काळ चटकन जागेवर बसतो, तेवढ्यासाठी हा तक्ता.

आणि मापं बदलू नका. २४ इंची गर्डरला ६१० मिलिमीटर लिहिलंत की पुढच्या माणसाचा पुरावा गेला. कंसात द्यायचं तर द्या, पण मूळ इंच-फूट आधी. पुतणीनं पहिल्या मसुद्यात सगळं मीटरमध्ये केलं होतं; आता ती ते परत इंचात आणत बसलीय, आणि छेदाचं चित्र अजून सातव्या मजल्यावरच आहे.